पतसंस्थेचा पाच वर्षांचा आराखडा: नवी शाखा, आहे त्यात सुधारणा की विलीनीकरण?

मार्चअखेर उरकली की सप्टेंबरच्या वार्षिक सभेआधी संचालक मंडळात एकच विषय घोळत राहतो: पुढं काय? यवतमाळ-वाशिमकडच्या तालुक्याच्या पतसंस्थेपुढं साधारण तीन वाटा असतात.

नव्या शाखेची मोहिनी मोठी, कारण ती दिसते. फलक लागतो, आमदार येतात, फोटो निघतो. पण भाडं, तिजोरी आणि पगार पहिल्या महिन्यापासून सुरू होतात, ठेवी मात्र सावकाश जमतात. खरी अडचण पुढंच आहे. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात सगळ्या गावांचा पैसा एकाच वेळी येतो आणि एकाच वेळी जातो. दसऱ्यानंतर सोयाबीन विकलं, दिवाळीपासून कापूस निघाला की ठेवी वाढतात. लग्नसराईत आणि मिरगाच्या पेरणीला तेच लोक ठेव मोडायला, नाहीतर कर्ज मागायला रांगेत उभे. अशा ठिकाणी दहा किलोमीटरवर शाखा काढली की जोखीम वाटली जात नाही, उलट वाढते. उपविधीतलं, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमावलीतलं, कार्यक्षेत्र परवानगी देत असेल तर वेगळ्या पिकाचा भाग किंवा नोकरदार-दुकानदारांचं बाजारगाव बघावं. वरुड-मोर्शीकडे आंबिया आणि मृग या दोन बहारांमुळं संत्र्याचा पैसा वेगवेगळ्या महिन्यांत फिरतो, तिथलं गणित निराळं.

सुधारणेचा मार्ग दिसायला फिका, पण माझा कौल त्यालाच. सोनेतारण नीट चालवलं तर जूनची नड भागते आणि कापूस विकल्यावर दागिना सुटतो. मूल्यांकन करणारा सोनार मात्र संचालकांच्या नात्यातला नको, आणि तारणाची अचानक तपासणी हवी. दुसरं काम दैनिक ठेवीचं: एजंटाच्या हाती पावती छापणारं यंत्र, खातेदाराला लगेच एसएमएस. सगळ्यात मोठा विरोध इथंच होतो. पानठेला, किराणा, सलून अशी वर्षानुवर्षं फिरती केलेल्या एजंटाला यंत्र म्हणजे अविश्वास वाटतो. काही एजंटांच्या हातात जमा पैसा चार दिवस फिरतो, ते बंद होणार असतं. आणि तो रुसून गेला तर त्याची आळीच्या आळी सोबत जाते, कारण लोकांची ओळख संस्थेशी कमी, त्याच्याशी जास्त. म्हणून पहिल्या वर्षी कमिशनला हात लावू नये, राजी असलेल्या दोघांपासून सुरुवात करावी. अध्यक्षांनी स्वतःचं दैनिक खातंही त्याच यंत्रावर चालवावं. यूपीआयचं आश्वासन देताना जपून: पतसंस्था बँक नाही, त्यासाठी एखाद्या बँकेचा आधार लागतो.

विलीनीकरण थोडक्यात. सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १७ खाली निबंधकांची पूर्वमान्यता आणि विशेष सर्वसाधारण सभेत दोन तृतीयांश मतं लागतात. थकबाकी वाढत चालली, नफा केवळ कागदावर उरला, कर्मचारी टिकेनात, तर हा मार्ग वेळेत धरावा. बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना नाही. त्यामुळं अफवा पसरली की ठेवीदार थांबत नाहीत, आणि रांग लागल्यावर दुसरी संस्था जवळ करत नाही. अडतं बहुतेक वेळा कायद्यात नव्हे, दोन अध्यक्षांत एक खुर्ची कशी पुरायची यात.

ठरवण्याआधी व्यवस्थापकानं एक तक्ता करावा: मागच्या तीन वर्षांत महिन्यागणिक ठेव किती आली, किती गेली, वसुली किती झाली. बाहेरच्या सल्लागाराचा रंगीत आराखडा नंतर. मे-जूनमध्ये रोकड आत्ताच ताणली जात असेल तर शाखेचा विषय तिथंच थांबवावा. थकबाकीदारांच्या यादीत संचालकांचे जवळचे लोक किती, तेही त्याच तक्त्याशेजारी मांडावं; त्याच कायद्याच्या कलम १०१ खालची थकीत कर्जाची वसुली कुणापासून सुरू होते, हे सभासद बघत असतात.