गुजराती शिकताना: वारंवारितेची यादी की खिशातली वही?

बदली होऊन बडोद्याला आलेले मराठी लोक हमखास विचारतात: गुजराती शब्द वारंवारितेच्या यादीवरून (जास्त वापरातले शब्द आधी, कमी वापरातले मागून) पाठ करावेत, की कानावर पडतील तसे वहीत उतरवावेत? मी दोन्ही करून पाहिलंय. (दांडिया बाजारात घर घेणार असाल तर तिथे मराठीवरही भागतं, आणि शिकणं राहतं ते त्यामुळेच.)

यादीचं गणित पक्कं आहे. झिफच्या नियमाप्रमाणे यादीतला क्रमांक दुप्पट झाला की शब्दाचं येणं साधारण निम्मं होतं. म्हणजे मोजक्या शब्दांत बरंच काम होतं. इंग्रजी शिकवणारे मायकल वेस्ट यांची १९५३ची सुमारे २००० इंग्रजी शब्दांची यादी अशाच हिशेबातली. 'छे' (आहे), 'नथी' (नाही), 'माटे' (साठी) आधी यायला हवेत, 'रींगण' (वांगं) मागून आलं तरी चालतं. ॲपवर रोज वीस शब्दकार्डं घोकून महिनाभरात मला वर्तमानपत्राचे मथळे लागायला लागले. वहीवर ते झालं नसतं.

माझं बिनसलं ते एकाच गोष्टीवरून. शब्द किती वेळा येतो हे यादीला ठाऊक, शिकणारा मराठी आहे हे नाही. 'पण', 'कारण' यांची कार्डं फुकट वेळ खायची, ते एक वेळ सोडा. पण 'जमवुं', 'मूकवुं', 'सांभळवुं' दिसले की मी कार्ड न उलटताच 'येतं' म्हणून पुढे जायचो. एका रविवारी दुपारी शेजारच्या मासींनी विचारलं, "जम्या?" मला वाटलं, नळाचं काम जमलं का विचारतायत. म्हटलं, "ना, काले." त्या आत गेल्या आणि ताट वाढूनच घेऊन आल्या.

जमवुं म्हणजे जेवणं, मूकवुं म्हणजे ठेवणं, सांभळवुं म्हणजे ऐकणं. तिन्ही आता वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत आहेत.

वही गबाळी असते, हे कबूल. माझी चार पानं खंडेराव मार्केटातल्या भाज्यांनीच भरली, आणि दिवसातून पन्नासदा ऐकलेला 'जोईए' (पाहिजे) मात्र लिहायचा राहून गेला. नुसतं वाचता यायला हवं असेल, तर तुम्हाला यादी कदाचित जास्त मानवेल. मी तिच्यातले पहिले तीनएकशे शब्द करून ॲप काढून टाकलं. वही सध्या तिसरी चालू आहे.