फुटबॉलची जाळी, बॉलची शिलाई आणि तात्यांची वही: सावंतवाडीतल्या एका दुकानाबद्दल

रिव्ह्यू सावंतवाडीतल्या तात्यांच्या खेळाच्या सामानाच्या दुकानाचाच आहे, पण आधी मॅचचं सांगायला लागेल, नाहीतर एका जाळीबद्दल मी एवढं का लिहितोय ते कळणार नाही.

आमचं गाव वेंगुर्ल्याच्या बाजूला, मधे एक वहाळ (ओढा) आणि वहाळापलीकडे दुसरं गाव. दोन्ही गावांची नावं मुद्दाम लिहीत नाही, दोन्हीकडचे लोक ओळखतीलच. बाबांच्या लहानपणी आमच्याकडे शाळा सातवीपर्यंतच होती, आठवीपासून पलीकडच्या हायस्कूलला जायचं, पावसात साकवावरून (छोट्या पुलावरून) पाणी गेलं की त्या दिवशी शाळा बुडाली. मग आमच्या चाकरमान्यांनी मुंबईत वर्गणी काढली, गावातल्यांनी चिरे वाहिले, बायकांनी पाणी भरलं आणि आमचं स्वतःचं हायस्कूल उभं राहिलं. आणि त्या वर्षी पलीकडच्या शाळेच्या फुटबॉल टीममधली सहा पोरं उठून आमच्याकडे आली कारण ती आमच्याच गावची होती. बाबा त्या सहातले एक. पलीकडच्यांना वाटलं आम्ही शिकवून तयार केलेली पोरं पळवली, आमच्यांना वाटलं आमची पोरं आमच्याकडे आली यात चुकलं काय. भांडण इथून सुरू झालं. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हासुद्धा नव्हता, तो १९८१ ला झाला, त्याआधी सगळं रत्नागिरीतच.

कोकणात फुटबॉल कुठून आला असं बाहेरचे लोक विचारतात. अरे गोवा अर्ध्या-पाऊण तासावर आहे आमच्यापासून. साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स ही तिथल्या क्लबांची नावं आम्हाला घरातल्या माणसांसारखी. बाबांच्या वेळच्या प्रत्येक गोलकीपरला गोव्याचा तो भारताचा गोलकीपर, ब्रह्मानंद शंखवाळकर, व्हायचं होतं. आणि दुसरं कारण म्हणजे पाऊस. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळीकडे टेनिस बॉल क्रिकेट, पण शालेय स्पर्धा येतात भर पावसात, तेव्हा चिखलात खेळता येईल असा खेळ हाच. तालुका जिंकला की ओरोसला जिल्ह्याची स्पर्धा, जिल्हा जिंकला की कोल्हापूर विभाग, आणि तिथे कोल्हापूरची पोरं समोर आली की काय होतं ते सगळ्यांना माहिती आहे, तिथल्या तालमींच्या (पेठांतल्या मंडळांच्या) फुटबॉल टीम बघत मोठी झालेली पोरं ती, तीन-चार गोल खाऊन परत. म्हणून आमच्यासाठी खरी फायनल तालुक्याचीच, वहाळापलीकडच्यांबरोबरची.

आता ९८ साल. फ्रान्सचा वर्ल्डकप नुकताच संपलेला, मी नववीत, टीममध्ये होतो पण बाहेर बसलेला. मॅच १-१ झाली आणि पेनल्टीवर गेली. आमची शेवटची पेनल्टी, गोल झाला तर बरोबरी आणि नाही झाला तर घरी. आमच्या पोराने उजव्या पोस्टच्या बाजूला खालून जोरात मारली, गोलकीपर दुसरीकडे पडला, आणि बॉल मागच्या गवतात गेला. पोस्टच्या आतून गेला की बाहेरून? गोलला जाळीच नव्हती! बांबूचे दोन खांब आणि वर दोरी. पाऊस असा की पलीकडचं माणूस दिसत नव्हतं. रेफ्रींनी बाहेर दिली. आमचे लोक मैदानात घुसले, पलीकडचेही घुसले, छत्र्या तुटल्या, एका सरांचा चष्मा फुटला. त्यानंतर दोन वर्षं मैत्रीचीसुद्धा मॅच झाली नाही, पलीकडे दिलेल्या आमच्या मुली गणपतीला माहेरी आल्या की जेवताना तो विषय काढायचा नाही असं घराघरात ठरलेलं.

हे मिटलं कसं ते सांगतो म्हणजे दुकानावर येता येईल. दोन्ही शाळांचे हेडमास्तर एकाच एसटीने सावंतवाडीला गेले आणि तात्यांच्या दुकानात एकसारख्या दोन जोड जाळ्यांची ऑर्डर दिली, पैसे निम्मे निम्मे. तात्या ना आमच्या गावचे ना तिकडचे, सावंतवाडीचे. म्हणून दोघांनाही चालले.

दुकान सावंतवाडीत बाजाराच्या आतल्या गल्लीत, मोती तलावावरून चालत पाच-सात मिनिटं. पाटी पावसाने इतकी धुतली गेलीय की नाव वाचता येत नाही, पण कोणालाही "बॉल शिवणारे तात्या" विचारा. आत दोन माणसं उभी राहिली की तिसरा पायरीवर. आता तात्यांचा मुलगा बसतो गल्ल्यावर आणि तात्या आत शिलाई करतात, वय झालंय पण हात अजून चालतो.

जाळी. माझ्या मते या दुकानाची सगळ्यात भारी वस्तू हीच. रेडीमेड जाळ्या बाजारात मिळतात, पण पातळ दोऱ्याच्या, दोन पावसाळ्यांत ऊन आणि मीठ खाऊन तुटायला लागतात. तात्या नायलॉनचा जाड दोरा आणतात आणि वेंगुर्ल्याच्या रापणकरांकडून (किनाऱ्यावरून मोठी जाळी ओढणाऱ्या मच्छीमारांकडून) विणून घेतात, मासेमारीच्याच गाठीने, ती ओढली की सरकत नाही, उलट आवळते. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच हे सगळ्यांना पाठ असतं, पण जाळी नुसती तेवढी घेतली तर ती खांबांना चिकटून ताणली जाते आणि बॉल लागून परत मैदानात उडतो, की पुन्हा आत गेला-नाही गेला सुरू. म्हणून तात्या वर कमी आणि खाली जास्त खोली धरून जाळी करतात, मागे सैल लोंबते, बॉल आत शिरला की तिथेच पडतो, बाहेर येत नाही. ९८ नंतर हे ज्याला कळलं तो माणूस मला कुठल्याही मोठ्या शोरूमपेक्षा मोठा वाटतो. आमच्या शाळेची पहिली जाळी किती वर्षं चालली माहितीये? बारा. तीसुद्धा उंदरांनी कुरतडली म्हणून बदलली.

बॉलची दुरुस्ती. मागच्या महिन्यात मुलाचा बॉल घेऊन गेलो, रोज सकाळी बसलेला असायचा, मला वाटलं आतलं रबरी ब्लॅडर गेलं, नवीनच घ्यायला लागणार. तात्यांनी आधी हवा भरली, बादलीत बुडवला, हळूहळू फिरवत बसले. शिवणीतून काहीच नाही. मग वॉलवर, म्हणजे हवा भरायच्या भोकावर, बोट ठेवून थांबले आणि एक बारीक बुडबुडा वर आला. म्हणाले, "अर्धेअधिक बॉल फुटलेले नसतत रे, वॉल सुकलेलो असता. सुई सुकी घालतास ना?" ग्लिसरीनचे दोन थेंब सुईला लावून आत-बाहेर केलं, परत बुडवला, बुडबुडा बंद. पैसे घेतले नाहीत. नवीन बॉल विकायचा सोन्यासारखा चान्स होता की नाही? तर सगळ्यांनी हे लक्षात ठेवा, पंपाची सुई कधीही कोरडी घालू नका.

त्याच वेळी शाळेचा एक बॉल खरंच फाटलेला होता तो त्यांनी माझ्यासमोर केला. बत्तीस तुकड्यांचा, वीस षटकोनी आणि बारा पंचकोनी, त्यातल्या एका पंचकोनाची कड सुटलेली. शिवण अजून थोडी उसवून ब्लॅडर बाहेर काढलं, पॅच मारला, मग मेण लावलेला दोरा आणि दोन्ही टोकांना दोन सुया, एक इकडून एक तिकडून, प्रत्येक टाक्याला दोन्ही हात बाहेर ओढून आवळायचं. शेवटची गाठ आत ढकलली, वरून बोट फिरवलं तर लागेना. ऐंशी रुपये. बाबा मला सांगायचे की त्यांच्या वेळचा चामड्याचा बॉल पावसात पाणी प्यायचा आणि हेडिंग केलं की मान आखडायची, त्या बॉलना तात्यांचे वडील चरबी चोळून द्यायचे. आता सिंथेटिक आलं, मशीनने चिकटवलेले बॉल आले, ते तात्या सरळ सांगतात की शिवून होत नाहीत, उगाच घेऊन ठेवत नाहीत.

हवा किती भरायची यावर पण त्यांचं ऐका. नियमात ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर आहे, पोरं सायकलच्या पंपाने दगडासारखा करून टाकतात. आमच्याकडे वर चार बोटं माती आणि खाली जांभ्याचा कातळ, त्यावर कडक बॉल ससा उडावा तसा उडतो. तात्या गेज लावून खालच्या बाजूलाच ठेवतात.

बूट. इथे पण मैदान विचारल्याशिवाय देत नाहीत. लांब स्टडचे (तळाला खुंट असलेले) बूट मळ्यातल्या चिखलाला ठीक, कातळावर महिन्यात झिजतात आणि टाचा दुखतात. आखूड रबरी स्टड भरपूर असलेले घ्या असं सांगतात आणि नवीन घेतल्यावर पुढून सोल शिवून देतात, त्याचे वेगळे पैसे पण ते द्याच. मी एकदा ऑनलाइन दोनशे रुपये स्वस्त पडतात म्हणून मागवले होते, तिसऱ्या मॅचला सोलने तोंड उघडलं, परत घ्यायला कोणी तयार नाही, फोनवर नुसतं म्युझिक. शेवटी तात्यांकडेच शिवून आणले, आणि मी बाहेरून घेतले म्हणून एक शब्द बोलले नाहीत. बूट चुलीजवळ सुकवू नका, गम सुटतो, आत पेपर कोंबून वाऱ्यावर ठेवा हे पण तिथेच शिकलो.

जे आवडलं नाही तेही लिहितो. जर्सी तिथून घेऊ नका असंच माझं मत आहे. प्रिंटिंग बाहेरून करून आणतात, गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या पिवळ्या जर्सीवर निळे नंबर पहिल्याच पावसात ओघळले, पाठीवर ८ आणि ३ ओळखू येईनात. सांगितल्यावर मुलाने अर्धे पैसे परत दिले, पण मॅचच्या दिवशी व्हायची ती अडचण झालीच. मुलींच्या साइजचे बूट फार कमी ठेवतात, आणि आता दोन्ही शाळांत मुलींच्या टीम आहेत, माझी पुतणी दोन साइज मोठ्या बुटात मोजे कोंबून खेळते हे मला पटत नाही. मी स्पष्ट बोललोय, जालंधरहून पुढचा माल येईल त्यात मागवतो म्हणालेत, मी परत जाऊन बघणार आहे. दुपारी एक ते चार बंद, लांबून येणाऱ्यांनी ते बघून निघा. जीपे चालतं.

आता वही. जाळ्या दिल्या तेव्हा तात्यांनी एकच अट घातली होती, की दर वर्षी मॅच झाली की दोन्ही शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी दुकानात येऊन निकाल लिहायचा आणि दोघांनी सही करायची. एका बाजूची सही असेल तर चालणार नाही. त्यांच्याकडे आधीपासूनच हिशोबाच्या लांब वहीत मागे दोन्ही गावांच्या मॅचेस लिहिलेल्या होत्या, पहिल्या पानांवर वडिलांचं अक्षर, मोडी वळणाचं, नंतर तात्यांचं. स्कोअर, गोल कोणाचे, पाऊस होता की उघडीप. कोणी मागितली तर दाखवतात, पण गल्ल्यावरच, बाहेर न्यायची नाही. मी बाबांना घेऊन गेलो होतो गेल्या मे महिन्यात. त्यांना चष्म्यातूनही नीट दिसत नाही म्हणून मी वाचून दाखवत होतो. त्यांच्या पहिल्या वर्षाची मॅच सापडली, ०-२, हरलेलो आम्ही. आणि बाबा म्हणाले, त्यातला दुसरा गोल मारणारा माझ्या बाकावरचा, आदल्या वर्षापर्यंत आम्ही एका डब्यात जेवायचो. हे त्यांनी मला एवढ्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. पलीकडची सगळी टीम शत्रू असंच ऐकत आम्ही मोठे झालो.

मग मी ९८ चं पान काढलं. तात्या त्या दिवशी मैदानावर होते हे मला माहीतच नव्हतं, बॉल त्यांनीच पुरवलेला म्हणून आलेले, नेमके त्याच गोलच्या मागे छत्री धरून उभे. मला वाटलं आता कळणार. सत्तावीस वर्षं आमचं गाव म्हणतंय आतून, ते गाव म्हणतंय बाहेरून. पानावर लिहिलंय: "१-१. पेनल्टी ४-३. शेवटचो बॉल खंयसून गेलो ता दिसूक नाय." म्हणजे शेवटचा बॉल कुठून गेला ते दिसलं नाही. मी विचारलं, तात्यानु, खरंच नाय दिसूक? ते सुईत दोरा ओवत होते, म्हणाले, "दिसला असता तर लिवलंय नसतंय?" बाबांनी वही हातात घेतली, त्या ओळीवरून अंगठा फिरवला आणि मिटून परत दिली.

जाळी हवी असेल तर मे महिन्यातच ऑर्डर द्या. पाऊस लागायच्या आधी रापणकरांना विणायला वेळ असतो, जूननंतर सांगितली तर शाळेच्या मॅचपर्यंत मिळेलच असं नाही. जोडीचा भाव दोऱ्यावर ठरतो, आधी फोन न करता जाऊनच विचारा, आणि जाताना आपल्या गोलचं माप टेपने घेऊन जा, कारण बांबूचे गोल असतील तर ते कधीच ७.३२ भरत नाहीत आणि तात्या पहिला प्रश्न तोच विचारतात.