रामकुंडावरचा दशक्रिया विधी: देव मानणाऱ्यांसाठी आणि न मानणाऱ्यांसाठीही

नाशिकला गोदावरीच्या रामकुंडावर गुरुजी नाव, गोत्र, तिथी विचारतात. देवावर विश्वास आहे का, हे कुणी विचारत नाही, आणि या सेवेची हीच मोठी जमेची बाजू. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात, विधी अडत नाही.

साहित्य साधंच: भाताचे पिंड, काळे तीळ, दर्भ, पळी-ताम्हन. दर्भाचं पवित्रक उजव्या हाताच्या अनामिकेत घालायचं; सैल असलं की तर्पणाच्या पाण्याबरोबर निसटतं, म्हणून आधीच घट्ट करून घ्या. कावळा शिवला नाही तर घरचे कासावीस होतात. खरं तर घाटावरच्या गर्दीने पक्षी बुजतो. पिंडापासून लांब सरकून शांत उभं राहा. तरीही नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून शिववतात, शास्त्रालाही ते चालतं.

न मानणाऱ्याने संकल्पाआधीच स्पष्ट सांगावं: फक्त अस्थिविसर्जन हवं. मध्येच उठलं की आईचं मन दुखावतं. रामकुंडातल्या अस्थिविलय तीर्थात अस्थी विरघळतात ही श्रद्धा. जळलेलं हाड मुळात कॅल्शियम फॉस्फेट, ते साखरेसारखं विरत नाही, ठिसूळ होऊन तुटतं. हाडाचं हे असं, मग प्लास्टिकची पिशवी, फोटो, कपडे तरी पाण्यात टाकू नका. गोदावरीचे हाल पाहवत नाहीत.

दक्षिणा आणि साहित्याचा खर्च बसण्याआधी ठरवा, नंतरची घासाघीस फार वाईट वाटते. पितृपक्षात पहाटेच पोहोचा. पावसाळ्यात आधी चौकशी करा. दुतोंड्या मारुती ही तिथलीच नदीपात्रातली मूर्ती; पाणी तिच्या कमरेला लागलं की घाट बुडालेलाच असतो.