कॅडी गेटवेला यामल फाइल जोडायची असेल तर

शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत ईआरपी, हजेरी आणि स्टोअरचं ॲप एकाच गेटवेमागे (आलेली विनंती योग्य ॲपकडे पाठवणारा सर्व्हर) ठेवायचं असेल, तर कॅडी २ हा वेब सर्व्हर बिनधास्त घ्या. सेटिंगच्या म्हणजे कॉन्फिगच्या फाइलसाठी त्याला मुळात फक्त जेसन हा फॉरमॅट कळतो. कॅडीफाइल (कॅडीचा स्वतःचा सोपा फॉरमॅट) असो वा यामल (इंडेंटवर चालणारा फॉरमॅट), ॲडॅप्टर हा रूपांतर करणारा भाग तिचं आधी जेसन करून देतो. रचना सुंदर आहे. नवा फॉरमॅट लिहायचा तरी गो भाषेत एकच फंक्शन: बाइट्स आत, जेसन आणि इशारे बाहेर.

यामलचा ॲडॅप्टर तयार पॅकेजात मिळत नाही. एक्सकॅडी या कॅडी बांधायच्या टूलने तो घालून बायनरी (चालवायची प्रोग्राम फाइल) बांधावी लागते. मग कॅडीची 'ॲडॅप्ट' कमांड चालवा, पण त्यावर थांबू नका. ती नुसतं रूपांतर करते. 'व्हॅलिडेट' ही कमांड कॅडीचे मॉड्यूल (सुटे भाग) खरोखर उभे करून बघते, म्हणून चुकलेलं फील्ड तिथे सापडतं. यामलमध्ये टॅबने इंडेंट केलंत तर फाइल वाचलीच जात नाही.

खरी गोची सिस्टमडीत, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेत. सर्व्हिस फाइलमध्ये कॅडीफाइलचा पत्ता स्टार्ट आणि रीलोड अशा दोन्ही ओळींत असतो. रीलोडची ओळ बदलायची राहिली, तर पुढच्या रीलोडला जुनीच कॅडीफाइल चढते! शिवाय एपीटी (डेबियन-उबंटूचा पॅकेज मॅनेजर) अपग्रेड तुमची बायनरी पुसून मूळची बसवतं, म्हणून पॅकेजची फाइल दुसरीकडे वळवणारं डीपीकेजी-डायव्हर्ट आधीच करून ठेवा.

नवी फाइल नापास झाली तरी चालू गेटवे जुन्या कॉन्फिगवर तसाच चालत राहतो. शिफ्ट सुरू असताना बदल करायचा तर याहून मोठा आधार नाही.