मणक्यातलं पाणी तपासायचं की आधी जनुकं?

बाळाचे झटके औषधांना दाद देत नाहीत, वाढ मागे पडलेली आहे आणि एमआरआयमध्ये काही सापडत नाही. अशा वेळी चयापचयाच्या आनुवंशिक आजाराची शंका येते आणि डॉक्टर दोन तपासण्या सुचवतात : पाठीत सुई घालून मणक्यातलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव (सीएसएफ) काढणं किंवा रक्तावरून जनुकीय तपासणी. बहुतेक आईवडिलांचा कल जनुकीय तपासणीकडे जातो, कारण पाठीतल्या सुईची भीती वाटते. ते साहजिक आहे, पण निर्णय त्यावर ठरू नये. शंका कोणत्या आजाराची आहे, त्यावर ठरावा.

रक्त-लघवीच्या तपासण्या त्याआधीच व्हाव्यात. अमोनिया, लॅक्टेट, अमिनो आम्लं आणि लघवीतली सेंद्रिय आम्लं यांतच निदान झालं, तर पाठीला हात लावायची गरज उरत नाही. पायरिडॉक्सिनवर (जीवनसत्त्व बी-६) अवलंबून असलेल्या फिट्सची खूणही रक्तात किंवा लघवीत मिळते.

मात्र काही आजार रक्तात दिसतच नाहीत. ग्लूट-१ कमतरतेत साखर रक्तातून मेंदूत नेणारं प्रथिन अपुरं पडतं; रक्तात साखर पुरेशी आणि मेंदू उपाशी. डॅरिल डी व्हिवो आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हा आजार पहिल्यांदा मांडला. एरवी सीएसएफमधली साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण ०.६ पट असते. या आजारात ती बहुतेकदा ०.४ च्या आसपास किंवा त्याखाली जाते. त्यावर कीटोजेनिक आहार (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्टमय) हा उपाय आहे आणि तो जितका लवकर सुरू होईल तितकं बरं. मेंदूतल्या फोलेटच्या (एक बी जीवनसत्त्व) कमतरतेचंही तसंच : रक्तातलं फोलेट नॉर्मल, पण सीएसएफमध्ये कमी. तिथे फोलिनिक आम्ल देता येतं. डोपामिन-सेरोटोनिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनांच्या विकारांतही सीएसएफ खूप काही सांगतं.

म्हणून माझं मत : जिथे उपचार हाताशी आहे आणि उशिराने मेंदूचं नुकसान होतं, तिथे सीएसएफ आधी. साखर आणि लॅक्टेटचे आकडे त्याच दिवशी मिळतात. जनुकीय अहवालाला सहसा काही आठवडे लागतात. शिवाय त्यात ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल निघाला की घरात नवीच घालमेल सुरू होते. अशा बदलाचा खरेखोटेपणा ठरवायलाही पुष्कळदा सीएसएफचाच आधार घ्यावा लागतो. ग्लूट-१ ची लक्षणं आणि आकडे स्पष्ट असूनही जनुकात बदल न सापडलेले रुग्ण आहेत.

याउलट लक्षणं कोणत्याच एका आजाराकडे बोट दाखवत नसतील आणि मूल स्थिर असेल, तर आईवडिलांसह केलेली एक्झोम तपासणी (प्रथिनं बनवणाऱ्या जवळपास सगळ्या जनुकांची एकत्र तपासणी) जास्त मोठं क्षेत्र धुंडाळते. पुढच्या गरोदरपणातली तपासणीही जनुकातला बदल कळल्यावरच नेमकी होते. ते काम सीएसएफ करू शकत नाही. मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागांतल्या) डीएनएची तपासणी एक्झोममध्ये आहे का, तेवढं विचारून घ्यावं. पुष्कळदा ती वेगळी मागवावी लागते.

सुईचा धोका म्हणाल तर डोकेदुखी आणि पाठदुखी होऊ शकते. संसर्ग किंवा रक्तस्राव क्वचित. डोक्यातला दाब वाढलेला असेल किंवा रक्त गोठण्यात अडचण असेल, तर मात्र ही तपासणी टाळतात. मला जास्त काळजी वाटते ती नमुना वाया जाण्याची. साखरेसाठी मूल ४ ते ६ तास उपाशी हवं आणि रक्त सुई टोचण्याआधी घ्यायला हवं, कारण रडारडीनेच रक्तातली साखर चढते. ग्लायसिन हे अमिनो आम्ल साठत जाण्याचा आजार शोधताना रक्त आणि सीएसएफ एकाच वेळचं नसेल, तर दोन्हींचं गुणोत्तर काढून उपयोग नाही. झटक्यानंतर लगेच घेतलेल्या नमुन्यात लॅक्टेट उगाच वाढलेलं दिसू शकतं. डोपामिन-सेरोटोनिनसाठी पाणी ठरलेल्या क्रमाने वेगवेगळ्या नळ्यांत घेतात, कारण पहिल्या थेंबांपेक्षा नंतरच्या थेंबांत त्यांचं प्रमाण जास्त असतं. त्या नळ्या लगेच गोठवून उणे ८० अंशांच्या आसपास ठेवाव्या लागतात. नमुन्यात रक्त मिसळलं तर निकाल बिघडतो.

त्यामुळे संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा : कोणकोणत्या तपासण्या पाठवणार, नळ्या आणि बर्फ तयार आहे का, प्रयोगशाळेला कळवलंय का? मेंदूज्वराच्या शंकेने पाणी काढायचं ठरलं असेल आणि चयापचयाची शंका मनात असेल, तर एखादी जादा नळी गोठवून ठेवायला तेव्हाच सांगा.