खेळण्यातली खोली: तयार किट घ्यावं की स्वतः उभारावी?

आमच्या बैठकीतल्या काचेच्या कपाटात दोन इवल्याशा खोल्या शेजारी शेजारी आहेत. डावीकडची पुस्तकांच्या दुकानाची, ऑनलाइन मागवलेल्या किटमधून जोडलेली. उजवीकडे आजीचं स्वयंपाकघर. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर होतं, त्यातली मागची खोली. ती पुठ्ठा, माती, तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या) आणि ज्वारीच्या धांड्यांतून उभी केली. दोन्ही माझ्याच हातच्या, त्यामुळे जळगावातल्या ओळखीच्या बायका कपाटासमोर उभ्या राहिल्या की एकच विचारतात, मी कशाने सुरुवात करू?

माझं मत आधीच सांगते. डोक्यात एखादी ठरावीक खोली घर करून बसली असेल, तर किटवर पैसे घालू नका. तशी खोली नसेल, संध्याकाळी हाताला बारीक काम हवं असेल, तर बिनधास्त किट घ्या. यांच्या मधला एक मार्गही आहे, त्याचं पुढे सांगते.

सगळ्यात आधी माप बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. बहुतेक किट 1:24 मापात येतात, म्हणजे खऱ्या घरातला 1 फूट तिथे अर्धा इंच. स्वतः उभारणारे शक्यतो 1:12 धरतात, 1 फुटाला 1 इंच. इंग्लंडमधल्या विंडसरच्या राजवाड्यात राणी मेरीचं जे बाहुलीघर आहे ते याच मापात आहे. 1921 ते 1924 या काळात ते बांधलं गेलं आणि त्याचा आराखडा नवी दिल्लीची आखणी करणाऱ्या एडविन ल्युटेन्सचा. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूट या संग्रहालयातल्या थॉर्न नावाच्या इवल्या खोल्याही बहुतेक याच मापातल्या. त्या 68 आहेत, आणि प्रत्येक म्हणजे समोरून बघायची एकच खोली. अख्खं घर बांधल्याशिवाय हे काम पुरं होत नाही अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावं. एक खोली पुरते.

1:12 मध्ये हिशेब तोंडी होतो. आजीची खोली 10 फूट लांब, 9 फूट रुंद, 8 फूट उंच. माझी पेटी 10 इंच, 9 इंच, 8 इंच. टेप घेऊन गावी गेले, फुटांत मोजलं आणि वहीत इंचांत लिहून आणलं. किटमध्ये मोजमापाचा प्रश्नच येत नाही, सगळं कापून आलेलं असतं. काहींना हीच त्यातली मोठी सोय वाटते आणि ते बरोबरच आहे. पण 1:24 मध्ये पेला म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी गोष्ट. चाळिशीनंतर चष्मा लागलेल्यांनी याचा नीट विचार करावा. माझ्या मामींनी किट आणलं आणि पुस्तकांची पानं दुमडता दुमडता डोळे दुखतात म्हणून ठेवून दिलं. त्याच मामींनी 1:12 मधली गोधडी मात्र दोन दुपारी शिवून दिली, धावदोऱ्यासकट.

भिंतींच्या बाबतीत दोन्ही मार्ग एकदम वेगळे होतात. किटच्या भिंती 3 मिलिमीटरच्या एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पातळ फळीच्या. 1:24 मध्ये ती जाडी खऱ्या घरातल्या 72 मिलिमीटरएवढी, म्हणजे जेमतेम 3 इंच. फ्लॅट, कॅफे, दुकान असं काही असेल तर शोभून दिसतं. धाब्याच्या घराची मातीची भिंत मात्र दीड फुटाची. ती पातळ केली की घर ओळखूच येत नाही, कारण कोनाडा, खोल उंबरा, खिडकीच्या आतली बसायची जागा हे सगळं त्या जाडीतच असतं. मी भिंत दुहेरी केली. फ्रिजच्या खोक्याचे दोन पुठ्ठे, मध्ये पुठ्ठ्याचेच आडवे पट्टे, एकूण जाडी दीड इंच. आतल्या पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून मागे छोटी डबी चिकटवली की कोनाडा तयार. दिव्याची वायरही त्याच पोकळीतून गेली. किटमध्ये वायर भिंतीच्या मागून नाहीतर कोपऱ्यातून न्यावी लागते आणि ती लपवण्यातच अर्धी संध्याकाळ जाते.

लाकडासाठी किटमध्ये हलक्या लाकडाच्या तासलेल्या काड्या येतात. सरळ, एकसारख्या, कापायला सोप्या. खान्देशात राहणाऱ्याला त्यावाचून अडू नये. ज्वारीच्या वाळलेल्या धांड्याची साल सोलली की आत पांढरा, हलका गाभा निघतो. लहानपणी आम्ही त्याच्या बैलगाड्या करायचो आणि सालीच्या अणकुचीदार चिरफळ्या खिळ्यांसारख्या टोचायचो. तीच युक्ती इथे चालते. नव्या ब्लेडने गाभा लोण्यासारखा कापला जातो. पाट, फळी, उतरंडीखालची चुंबळ, काहीही होतं. मात्र तो बोटाने दबतो आणि वजन पेलत नाही. छताच्या कड्यांना तुराट्या घ्या. 7-8 मिलिमीटर जाडीची तुराटी 1:12 मध्ये साडेतीन इंची कडी होते, वर सालीच्या रेघाही खऱ्या लाकडासारख्या दिसतात. मधली तुळई मात्र सुताराकडून सागाची पाऊण इंची पट्टी आणून केली. हा सगळा शेतातला माल आधी वैशाखातल्या उन्हात चार दिवस कडक वाळवा, नाहीतर पावसाळ्यात आतून भुसा पडायला लागतो.

आता माती, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. गावची काळी माती चाळून, कालवून थेट पुठ्ठ्यावर थापली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर उन्हाळ्यातल्या रानासारख्या भेगा, आणि पुठ्ठा द्रोणासारखा वाकलेला. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, हे शेतकऱ्याच्या घरात वाढूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना फेव्हिकॉल लावून कागद चिकटवला, म्हणजे ताण दोन्हीकडून सारखा बसतो. मातीत निम्मी बारीक चाळलेली वाळू, थोडा लाकडाचा भुसा आणि पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल घातला. पोस्टकार्डाएवढ्या जाडीचा एक थर, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा. तीन थरांत जमिनीला रंग आला. शेवटचा थर ओला असताना जुन्या टूथब्रशने सारवणाच्या कमानी उमटवल्या. बाई बसून सारवते तेव्हा हात साधारण 2 फुटांत फिरतो, म्हणून माझी प्रत्येक कमान 2 इंचांची. फोटोत ती जमीन बघून खरी खोली किती मोठी होती असं लोक विचारतात, ते या कमानींमुळे. किटमध्ये जमिनीसाठी छापील कागद असतो. एका मिनिटात चिकटतो आणि दिसतोही नीट, पण बाजूने उजेड पडला की गुळगुळीत दिसतो.

भांडीकुंडी हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. किटमध्ये कप, बाटल्या, कुंड्या, केक असं सामान येतं, आणि ते फार देखणं असतं. पण त्यात खापर कुठून येणार? पुरणाचे मांडे भाजायचं आमचं खापर मी टेबल टेनिसच्या चेंडूतून केलं. चेंडूचा व्यास 40 मिलिमीटर, बाराने गुणला की 48 सेंटिमीटर, बरोबर आजीच्या खापराएवढा. चेंडू मधोमध कापला, बाहेरून पॉलिश पेपरने घासला, वर फेव्हिकॉलमध्ये कालवलेली गेरू आणि कोळशाची पूड लावली आणि चुलीवर पालथा घातला. मांडा टिश्यू पेपरच्या एका पदराचा. हळद घातलेल्या पातळ फेव्हिकॉलमध्ये बुडवून खापरावर सोडला की त्याच्या चुण्या आपोआप पडतात. चूल शाडूची, शेजारच्या वैलासकट. भिंतीवर चुलीच्या वर कोळशाची पूड बोटाने चोळली, खाली गडद, वर जाता जाता विरळ.

पितळी भातुकली घरात असेल तर वापरण्याआधी मोजून बघा. सारंगखेड्याच्या यात्रेतून लहानपणी आणलेला माझा हंडा 2 इंचांचा निघाला. 1:12 मध्ये तो दोन फुटी होतो, एवढा हंडा घरात कोणी वापरत नाही. घंगाळ मात्र तेवढंच असूनही नेमकं बसलं, कारण आमचं खरं घंगाळही 2 फूट रुंद आहे. 1:24 च्या किटमध्ये यातलं काहीच बसणार नाही.

दिव्यांच्या बाबतीत किटला पूर्ण गुण देते. एलईडी, वायर, बटण, सेलची डबी सगळं जोडून येतं. स्वतः करायचं तर थोडं शिकावं लागतं. पांढऱ्या किंवा पिवळसर एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात, म्हणून पेन्सिल सेलपेक्षा बारीक असे दोन सेल एकामागे एक जोडले की काम होतं. मोबाइलच्या चार्जरवर, म्हणजे 5 व्होल्टवर चालवायचा तर अशा प्रत्येक एलईडीला 100 ओहमचा रेझिस्टर, म्हणजे वीज बेताने सोडणारा छोटा भाग, लावा, नाहीतर तो जळेल. किटमधला उजेड बहुतेक वेळा निळसर असतो, तो जुन्या स्वयंपाकघराला शोभत नाही. मी पिवळसर एलईडी घेतला आणि चुलीत नारिंगी, वर कोळशाचे बारीक तुकडे. घरात लहान मूल असेल तर बटण सेल वापरूच नका. तो गिळला गेला तर अन्ननलिका भाजते.

गोंदाबद्दल दोन गोष्टी, दोन्ही आपल्याकडच्या. पहिली उन्हाची. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांवर जातो. पुस्तकांच्या दुकानाचा जिना मी ग्लू गनने चिकटवला होता आणि ती खोली पश्चिमेच्या खिडकीत, पत्र्याच्या छपराखाली ठेवली होती. दुपारी जिना सटकून खाली आला. गरम करून लावायचा गोंद उष्णतेने पुन्हा मऊ पडतो. तेव्हापासून लाकूड आणि पुठ्ठ्याला फक्त फेव्हिकॉल वापरते, उशीर लागला तरी चालेल. दुसरी कापसाची. गादी-उशीसाठी घरचा कापूस घ्यायचा मोह होतो, घ्या, पण त्यावर झटपट चिकटणारा इन्स्टंट गोंद टाकू नका. कापसाला लागला की तो इतका तापतो की धूर निघतो आणि बोट भाजतं. पारदर्शक झाकणालाही तो लावू नका, भोवती पांढरी धुरकट कडा उमटते.

धुळीचं थोडक्यात. बहुतेक किटसोबत पारदर्शक झाकण मिळतं किंवा वेगळं घेता येतं. स्वतःच्या खोलीला काचवाल्याकडून पुढची एक काच कापून घ्यावी लागते. झाकणाशिवाय मातीची खोली ठेवू नका, धूळ मातीवरून झटकता येत नाही.

पैसा आणि वेळ: माझं किट 2,000 रुपयांच्या आत आलं आणि चार रविवारांत झालं. आजीच्या खोलीच्या सामानाला 700 लागले असतील, पण कटर, स्टीलची पट्टी, कापायची मॅट, चिमटा आणि बारीक ब्रश यांना वेगळे 1,200 गेले, आणि वेळ पाच महिने. अवजारं पुढच्या खोलीलाही कामी येतात. किटमधला एखादा तुकडा हरवला तर मात्र काम अडतं. माझ्या किटमध्ये खिडकीची एक चौकट आलीच नव्हती. विकणाऱ्याला तीनदा लिहिलं, उत्तर आलं नाही, शेवटी आइस्क्रीमच्या काडीतून करून घेतली.

मधला मार्ग असा. ट्रॉफी आणि नेमप्लेट करणाऱ्यांकडे लेझर कटिंगचं मशीन असतं. पेटी, दार, खिडक्या यांची मापं कोरलड्रॉ या संगणकावरच्या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये काढून नेली की 3 मिलिमीटरच्या एमडीएफमधून ते तंतोतंत कापून देतात. कडा जळून काळ्या होतात, त्या पॉलिश पेपरने घासाव्या लागतात. सांगाडा सरळ, काटकोनात मिळतो आणि आतलं सगळं तुमचं राहतं. ज्यांना कटर धरायची भीती वाटते, किंवा शाळकरी मुलीसोबत हे काम करायचं आहे, त्यांना मी हाच मार्ग सुचवते. ब्लेडचं काम मशीनवर होतं आणि मुलीच्या वाट्याला माती, रंग, गोधड्या येतात. भिंत जाड हवी असेल तर दोन सांगाडे कापून मध्ये पट्ट्या द्या.

किट घ्यायचं ठरलं असेल तर पहिल्यांदा एकाच खोलीचं घ्या, दुमजली नको. स्वतः करायचं ठरलं असेल तर बाजारात जाण्याआधी गावी जाऊन या. धाब्याची घरं झपाट्याने पडून तिथे स्लॅब येताहेत, आमचंही आता अर्धंच उभं आहे. दाराची उंची, उंबरा, चुलीचं भिंतीपासूनचं अंतर, कोनाडा जमिनीपासून किती वर, धूर जायचं भोक कुठे, एवढं मोजून आणा आणि प्रत्येक भिंतीचा समोरून सरळ फोटो काढा. त्या खोलीत जिने स्वयंपाक केला ती हयात असेल तर तिला सोबत न्या. मी आजीला नेलं नव्हतं. खोली पूर्ण झाल्यावर दाखवली तेव्हा ती बराच वेळ वाकून बघत राहिली. "हाऊ मना चुल्हा शे का?" (ही माझी चूल आहे का?) असं अहिराणीत म्हणाली, आणि मग चिमट्याने पाण्याचा माठ उचलून दाराच्या डाव्या बाजूला ठेवायला लावला. माठ आता तिथेच आहे.