व्हिटॅमिनच तर आहेत म्हणून घेतलं आणि ६,८०० रुपये गेले

मी बेळगावची, वडगावात राहते. गेल्या वर्षी पाळी दोन-दोन अडीच-अडीच महिने लांबायला लागली, हनुवटीवर केस, वजन वाढलेलं. तपासण्या करून डॉक्टरीणबाई म्हणाल्या पीसीओएस आहे, म्हणजे अंडाशयाची आणि हार्मोनची तक्रार. व्हिटॅमिन डी ११ आलं, २० च्या खाली म्हणजे कमीच. त्याची ६०,००० युनिटची गोळी आठवड्याला एक, आठ आठवडे, शिवाय मेटफॉर्मिन (मधुमेहातलीच गोळी, पीसीओएसलाही देतात) आणि रोज चालणं. मेटफॉर्मिननं सुरुवातीला पोटात नुसतं ढवळायचं, जुलाब व्हायचे, मी वैतागलेलीच होते. आणि असं वैतागलेलं माणूसच ह्या लोकांना बरोबर घावतंय.

आमच्या भिशीत एक काकू आहेत, आईच्या ओळखीच्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरी आल्या, कपाटावरची माझी फाईल चाळली आणि म्हणाल्या, "अगं ह्या गोळ्या काय जन्मभर खात बसणार? आमच्याकडं नुसती व्हिटॅमिनं आहेत, साईड इफेक्ट कायबी नाही, ये की एकदा मीटिंगला."

मीटिंग म्हणजे हायवेजवळच्या हॉटेलचा हॉल, चहा-उप्पीट, अर्धं कन्नड अर्धं मराठी भाषण, आणि एक मशीन. हातात दांडी धरायची की मिनिटभरात कॉम्प्युटरवर लिव्हर, किडनी, हार्मोन सगळ्याचा रिपोर्ट, रक्ताचा थेंब न काढता! तिथंच उठून यायला पाहिजे होतं. पण त्यात 'व्हिटॅमिन डी कमी' आलं आणि मी गार पडले, म्हटलं बरोबर सांगतंय की. फाईल काकूंनी आधीच बघितलीय हे डोक्यातच आलं नाही, आणि तसंही डी बऱ्याच जणींचं कमीच असतंय, कुणालाही सांगितलं तरी लागू पडतंय.

तीन महिन्यांचं किट ६,८०० ला. पैसे काकूंच्या फोनवर, बिल म्हणून वहीचा फाटका कागद. मेटफॉर्मिन बंद कर म्हणाल्या, मी केलं, डीची गोळीपण मधेच सोडली. पिंपल्स वाढले तर "घाण बाहेर पडतेय", पाळी नाही आली तर "बॉडी रीसेट होतेय". काहीही होऊदे, किट काम करतंयच!

चार महिने पाळी नाही म्हणून शेवटी परत बाईंकडं गेले, तर रक्तात टीएसएच, म्हणजे थायरॉईडसाठी बघतात ते हार्मोन, एकदम खाली, घरात रडारड, आता थायरॉईडपण आला म्हणून. बाई शांतपणे म्हणाल्या, आणखी काय काय खातेस ते सगळं घेऊन ये.

डबे बघून त्यांनी कपाळाला हात लावला. एका गोळीत बायोटिन हे बी गटातलं व्हिटॅमिन १० मिलिग्रॅम, ते केसांसाठी म्हणून घालतात, पण एवढं जास्त असलं की काही लॅबच्या टेस्टमध्ये टीएसएच खोटंच कमी दिसतंय. चार दिवस बंद ठेवून परत केलं तर नॉर्मल. डब्यावर मोठ्या अक्षरात इनॉसिटॉल, पीसीओएसवर म्हणून विकतात तो साखरेसारखा पदार्थ, गोळीत २५० मिलिग्रॅम. अभ्यासांत दिवसाला ४ ग्रॅमच्या आसपास देतात, म्हणजे १६ गोळ्या, मी खात होते दोन. आणि तेवढं घेऊनसुद्धा फायद्याचे पुरावे तोकडेच आहेत, २०२३ च्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईनमध्ये तसंच लिहिलंय म्हणाल्या. व्हिटॅमिन डी रोजचं ४०० युनिट, माझ्या ११ ला ते कुठं पुरणार. पाळी इतके महिने चुकली की गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातंय, म्हणून आधी पाळी यायच्या गोळ्या दिल्या, मग मेटफॉर्मिन परत पहिल्यापासून.

घरी येऊन डबा नीट वाचला. मागं मुंगीएवढ्या अक्षरात 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. औषध नव्हे, असं त्यांनीच छापलंय, तोंडानं मात्र "पीसीओएस मुळापासून जातो". पाळीच्या तक्रारीवर औषध म्हणून जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, हे नंतर कळलं. १९१५ ह्या नंबरवर ग्राहक हेल्पलाईनला फोन केला, त्यांनी बिल मागितलं, माझ्याकडं तो फाटका कागद. त्यामुळं काही घेणारच असाल तर पक्कं बिल घ्या, आणि डॉक्टरांची गोळी दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका.

काकूंना विचारलं तर म्हणतात, "तू मनापासून खाल्लं नाहीस." अजून भिशीला येतात, माझ्या शेजारीच बसतात.

आणि खानापूरच्या मावसबहिणीला दुसऱ्याच महिन्यात मीच किट घ्यायला लावलं होतं, माझ्या भरवशावर तिनं शिलाईचे पैसे घातले. तिला दर महिन्याला हजार परत देतेय, अजून दोन हप्ते राहिलेत.